सातबारा एकाचा, परवानगी दुसऱ्याची

परवा एका विद्यार्थ्याचा फोन आला. पोराने युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टमची सातवी आवृत्ती लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, चालवली. १९७९ सालची, म्हणजे त्याच्या बाबांच्या वयाची! तिच्यात बॅकस्पेस चालत नाही. चुकलेलं अक्षर खोडायला # दाबायचं, अख्खी ओळ रद्द करायला @. याने तिच्या कोडच्या एका हेडर फाइलमधली एक ओळ बदलून बॅकस्पेस चालू केलं आणि विचारलं, "सर, हे गिटहबवर, सगळ्यांना घेता येईल असं, टाकू ना?"

"टाक की" म्हणून फोन ठेवता आला असता. अर्धा तास बोलत बसलो, कारण या कोडचा मालक कोण हेच धड ठरलेलं नाही.

जानेवारी २००२ मध्ये, तेव्हा युनिक्सची मालक म्हणवणाऱ्या कॅल्डेरा कंपनीने एक पत्र काढलं. पहिल्या सात आवृत्त्या आणि ३२व्ही (सातवीचंच व्हॅक्स संगणकासाठीचं रूप) बीएसडी पद्धतीच्या, म्हणजे श्रेय देऊन कुणीही वापरावं अशा, लायसन्सवर खुल्या. सिस्टम थ्री आणि सिस्टम फाइव्ह या बाजारात विकायच्या आवृत्त्या तेवढ्या वगळल्या. लोक खूश. पुढे याच कंपनीने एससीओ नाव घेतलं, २००३ मध्ये आयबीएमवर दावा ठोकला, मग युनिक्सची आधीची मालक कंपनी नोव्हेल हिलाही कोर्टात खेचलं. २०१० मध्ये ज्युरी म्हणाली, १९९५ च्या विक्रीत युनिक्सचे कॉपीराइट नोव्हेलकडून गेलेच नव्हते! घ्या. सातबारा नोव्हेलचा आणि विहीर खणायची परवानगी दिली कॅल्डेराने. नंतर नोव्हेलही विकली गेली: २०११ ला अ‍ॅटॅचमेट, २०१४ ला मायक्रो फोकस, २०२३ ला ओपनटेक्स्ट. फेरफारावर फेरफार.

त्यात आणखी एक पाचर. ३२व्हीच्या प्रती कॉपीराइटची सूचना न छापताच वाटल्या गेल्या होत्या, त्यामुळे त्यावरचा हक्क टिकेल का, अशी शंका १९९३ मध्येच अमेरिकी न्यायाधीशांनी घेतली होती. म्हणजे कदाचित परवानगीची गरजच नसेल!

आठवी ते दहावी आवृत्ती नोकियाच्या बेल लॅब्सकडची. २०१७ मध्ये त्यांनी कळवलं, बिगर-व्यावसायिक वापर असेल तर आम्ही हक्क बजावणार नाही. शेजाऱ्याने बांधावरून जाऊ दिलं, पण वहिवाट लिहून दिली नाही, तसलाच प्रकार.

मला राग येतो तो या आळसाचा. या कोडवर आज कुणाचं पोट नाही. शेवटच्या मालकाने "२००२ चं पत्र आम्हाला मान्य" एवढं एका पानावर लिहून दिलं, तर वीस वर्षांचं त्रांगडं सुटेल. पण ज्यातून पैसा नाही त्यासाठी वकिलाची फी कोण भरणार?

पोराला शेवटी सांगितलं, कॅल्डेराचं पत्र सोबत जोड, सिस्टम फाइव्हची एक ओळही येऊ देऊ नकोस आणि टाक.

रात्री लिंक आली. उघडेना. रेपो, म्हणजे गिटहबवरचं कोडचं दप्तर, प्रायव्हेट ठेवलाय पठ्ठ्याने.