दोन स्टार देणाऱ्या ताईंना तबेल्याकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय सकाळीच वाचला, पण उत्तर मुद्दाम दुपारी लिहायला घेतलं. सकाळी लिहिलं असतं तर रागात चार शब्द जास्त गेले असते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: घोडी सांगितलेल्या तारखेपेक्षा बारा दिवस उशिरा व्याली आणि तेवढ्या दिवसांचा खर्च तुमच्या माथी आला, शिंगरू येताना आमची माणसं "हाताची घडी घालून उभी होती", शेवटच्या दिवसांत तिला पोटभर चंदी मिळाली नाही, आणि त्या रात्री तुम्हाला वेळेवर कळवलं नाही.

शेवटचं आधी घेतो, कारण ते खरं आहे.

त्या संध्याकाळी साडेसातला तुम्ही तबेल्यातच होतात. तुमच्यादेखत मी कासेखाली हात घातला. कास भरलेली होती, पण सडांच्या टोकांना मेण, म्हणजे विण्याआधी सुकून जमणारे चिकाचे थेंब, आलेलं नव्हतं. दोन थेंब दूध काढून तपासणीच्या पट्टीवर घेतलं, पीएच (दुधाच्या आंबटपणाचं माप) सातच्या आसपास दिसला. तो ६.४ च्या खाली उतरला की बहुतेक घोड्या चोवीस तासांत वितात. तो उतरला नव्हता म्हणून मी म्हणालो, "आज काही होत नाही, निवांत घरी जा." आणि पहाटे पावणेतीनला ती व्याली. चूक पट्टीची नाही. पट्टी त्या घडीचं सांगते, रात्रभराची हमी मी माझ्या पदरची दिली. पहिलारू घोडी काही तासांत रंग बदलते, हे इतकी वर्षं पाहूनही "बहुधा" हा एक शब्द मी गाळला. फोन उशाशी ठेवा, एवढं तरी सांगायला हवं होतं.

दुसरी चूक रात्रपाळीतली. पावणेदोनला तिला कोपराच्या मागे घाम फुटला, ती उठबस करायला लागली, वळून वळून कुशीकडे पाहायला लागली. माझ्या माणसाने मला आणि डॉक्टरांना लगेच कळवलं, ते बरोबर केलं. तुम्हाला मात्र शिंगरू जमिनीवर आल्यानंतर फोन गेला. मधला जवळजवळ तास हातात होता. अकरा महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो आमच्या ढिलाईने हुकला. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. त्या रात्रीच्या पहाऱ्याचे पैसे परत केले आहेत, कारण मालकाला उठवणं हाही पहाऱ्यातलाच भाग होता.

बारा दिवसांचे पैसे मात्र परत करणार नाही, आणि का ते सगळ्यांसमोर सांगतो. घोडी शेवटची घोड्याकडून भरवल्याच्या तारखेत ३४० दिवस मिळवून आम्ही जी तारीख देतो, तो अंदाज असतो. ३२० ते ३६५ दिवसांत कधीही व्याली तरी घोडीच्या बाबतीत त्यात वावगं काही नाही. तुमची ३५२ व्या दिवशी व्याली. दिवस लहान असलेल्या ऋतूत विणारीला थोडे जास्तच लागतात. ३४५ व्या दिवशी तुम्ही विचारलंत, इंजेक्शन देऊन मोकळी का करत नाही? मी नाही म्हणालो, त्याचाही राग अभिप्रायात दिसतो. पण शिंगराच्या अंगाची शेवटची तयारी अगदी अखेरच्या काही दिवसांत होते. ती होण्याआधी बाहेर काढलेलं शिंगरू दिसायला पूर्ण वाटतं, पण धड उभं राहत नाही, चोखत नाही, कधी श्वासालाही कमी पडतं. गायीम्हशींचा हिशेब घोडीला लावून चालत नाही. त्या बाराही रात्री तिच्यापाशी माणूस जागा होता.

पाच आठवडे आधी का आणायला लावली, याला तुम्ही "बिल वाढवायची युक्ती" म्हटलं आहे. शिंगरू रोगांविरुद्धचं तयार बळ पोटातून घेऊन येत नाही, त्याला ते आईच्या पहिल्या चिकातून मिळतं. घोडी जिथे विणार तिथल्या जंतूंची तिच्या अंगाला ओळख व्हायला आणि ती चिकात उतरायला चार ते सहा आठवडे लागतात. धनुर्वाताच्या लशीचा डोसही त्याच बेताने दिला होता.

आता हाताची घडी. कॅमेऱ्यात वेळ आहे: २.२४ ला पाणमोट फुटली. पुढचे दोन पाय आले, तळवे खाली, एक पाय दुसऱ्याच्या वीतभर पुढे, मग गुडघ्यांवर टेकवलेलं नाक. असं आलं की ओढायचं नसतं. तो मागेपुढे पाय खांदे बाहेर पडायला जागा करून देत असतो. घाईने ओढलं तर घोडी फाटते, शिंगराच्या बरगड्या मोडतात. २.४३ ला ते बाहेर होतं, एकोणीस मिनिटांत. दोन माणसं उभी होती ती दुसऱ्याच गोष्टीसाठी. पांढुरक्या पडद्याऐवजी लाल मखमलीसारखी पिशवी दिसली असती, तर वार आधीच सुटली असं समजून ती तिथल्या तिथे फाडावी लागते, नाहीतर शिंगरू गुदमरतं. ती वेळ आली नाही. नंतरही घोडी पडून होती तोवर नाळ कोणी कापली नाही. ती उठताना नाळ आपल्या जागी तुटली, मग देठाला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावलं.

शिंगरू पन्नास मिनिटांत उभं राहिलं, दोन तासांच्या आत सडाला लागलं. वार तीन तासांच्या आत पडली. ती मी स्वतः जमिनीवर पसरून तिच्या दोन्ही शिंगांच्या (गर्भाशयाच्या दोन फाट्यांत बसणाऱ्या भागांच्या) टोकांपर्यंत तपासली. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी घोडीला ताप येऊन खुरांना आतून सूज येते आणि पाय धरू शकतात. दुसऱ्या दिवशी शिंगराचं रक्त तपासलं, आयजीजी, म्हणजे चिकातून मिळालेल्या त्या बळाचं माप, ८०० च्या वर, म्हणजे पुरेसं. हा कागद तुम्हाला दिला आहे, अभिप्रायात त्याचा उल्लेख राहून गेला.

चंदीचं म्हणाल तर शेवटच्या तीन महिन्यांत शिंगरू झपाट्याने वाढतं आणि पोटात वैरणीला जागा उरत नाही. म्हणून तिची चंदी वाढवून चार वेळांत विभागली होती. तुम्ही दुपारी आलात तेव्हा गव्हाण रिकामी दिसली, ती दोन खुराकांच्या मधली वेळ. बरगड्या डोळ्यांना दिसत नव्हत्या, हाताला लागत होत्या, गाभण घोडी अशीच हवी. वेळापत्रक दारावर टांगलेलं असतं तर तुम्हाला विचारावंही लागलं नसतं. आता टांगलं आहे. त्याच्याच खाली रात्रपाळीसाठी लिहिलंय: घाम दिसला की पहिला फोन डॉक्टरांना, दुसरा मालकाला.

त्या रात्रीचं चित्रण पावणेदोनपासून पहाटे सहापर्यंत पूर्ण आहे. पेन ड्राइव्हवर काढून ठेवलं आहे. शिंगरू पहिल्यांदा उठायला गेलं आणि पेंढ्यात तोंडावर आपटलं, तेव्हा घोडी जी हलकेच खिंकाळली तेही त्यात ऐकू येतं. कधी घेऊन येऊ, ते कळवा.