पेन्शन बरी की एकरकमी?

"छत्तिसाव्या वर्षी बी.ए. फर्स्ट इयर? काय अर्थ आहे ह्याला, भिया?" बंडूनं पोह्यांवर जिरावण भुरभुरवत तोफ डागली. निशाण्यावर हवालदार. सतरा वर्षं फौजेत क्लार्की करून गडी इंदूरला, आमच्या रामबागेत परतला, आणि आता त्याला वकील व्हायचंय.

बंडूचं गणित सरळ. माजी सैनिकांना केंद्राच्या गट 'क' मध्ये १० टक्के जागा राखीव, वयात सूट, शिवाय दहावी पास आणि १५ वर्षं सेवा झाली की पदवीच्या तोडीचं सर्टिफिकेट. "बँकेत चिकटून टाक. पेन्शन वेगळी, पगार वेगळा!"

"ते सर्टिफिकेट नोकरीच्या फॉर्मला चालतं," हवालदार म्हणाला. "एल.एल.बी.ला खरी पदवी मागतात." म्हणून आधी इग्नू ह्या मुक्त विद्यापीठातून बी.ए., मग तीन वर्षं कायदा.

"म्हणजे बेचाळिसाव्या वर्षी काळा कोट घालून कोर्टाबाहेर ॲफिडेव्हिट करत बसणार?"

"नाही. जबलपूरला जाणार."

जबलपूरला सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं, म्हणजे फौजींच्या तक्रारी ऐकणाऱ्या कोर्टाचं खंडपीठ आहे, हे ओटल्यावर कुणालाच ठाऊक नव्हतं. हवालदारानं मोबाइलवर एका ओळखीच्या शिपायाचं पत्र दाखवलं. अपंगत्व पेन्शन नामंजूर. कारण एका ओळीत: आजार सैनिकी सेवेमुळे झालेला नाही, सेवेमुळे वाढलेलाही नाही. "ही ओळ मी स्वतः किती वेळा टाइप केलीय! भरतीच्या वेळी धडधाकट म्हणून घेतलेला माणूस, तो आजारी पडला की म्हणे सेवेचा संबंध नाही." २०१३ च्या धरमवीर सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टानं याच मुद्द्यावर जवानाच्या बाजूनं निकाल दिला, हेही त्यानंच सांगितलं. तरी अशी पत्रं निघतातच. बंडू पोहे खायला लागला.

मग नाना सरसावले. त्यांचा भाचा अग्निवीर. "चार वर्षांत बाहेर, वय तेवीस, हातात ११.७१ लाख. शिकायचं वय तेच! ह्याच्यापेक्षा तो नशीबवान."

मला हे अजिबात पटलं नाही. एक तर त्यातली निम्मी रक्कम पोराच्याच पगारातून दर महिन्याला ३० टक्के कापून साठलेली. आणि एकरकमी पैसा घरात आला की त्याला पाय फुटतात: बहिणीचं लग्न, वरचा मजला, मेव्हण्याचं दुकान. (नानांकडे न बघता बोललो, पण मेव्हणा त्यांचाच.) शिकायला महिन्याच्या महिन्याला चूल पेटती लागते. पेन्शन ते करते. माझ्या मते ती हवालदाराची स्कॉलरशिपच आहे. वर एक फायदा बंडूच्या डोक्यातही नव्हता: सनद घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही, पेन्शन मात्र घेता येते. बँकेत चिकटला तर एकतर बँक, नाहीतर कोर्ट.

अग्निवीराला पेन्शन नाही. चारातला फारतर एक कायम होणार, बाकीचे घरी.

"पण त्यांना इग्नूची पदवी आहे ना," बंडू परत जागा झाला. "निम्मे क्रेडिट ट्रेनिंगचेच धरतात."

खरंय. हवालदारही म्हणाला, योजना चांगली आहे. त्याची सतरा वर्षं मात्र बी.ए.च्या हिशेबात शून्य, आणि मला त्याच्यापेक्षा जास्त राग आला. महू हाकेवर आहे. तिथं पलटणीच्या शाळेत सुभेदार रामजी सकपाळ मास्तर होते, आणि तिथंच १८९१ साली त्यांच्या पोटी पुढचा बॅरिस्टर जन्मला. फौज आणि शिक्षण यांचं नातं इंदूरकरांना कुणी समजवायला नको.

"नाना, भाच्यानं नाव घातलंय का इग्नूत?" हवालदारानं विचारलं.

नानांनी तिथूनच फोन लावला. स्पीकरवर. "मामा, फॉलइन आहे, नंतर बोलतो," म्हणून पोरानं ठेवून दिला.

"म्हणजे नाही घातलं," बंडू म्हणाला.