‘एकटा ठेवला की लवकर बोलतो’ म्हणे! आफ्रिकन ग्रेबद्दलच्या मेसेजला उत्तर

आफ्रिकन ग्रे या करड्या, बोलक्या पोपटाबद्दल व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय. ‘आपला हिरवा पोपट पाळणं गुन्हा, पण आफ्रिकन ग्रे विदेशी, त्याला कायदा लागू नाही. जोडी आणू नका, एकटा ठेवला की लवकर बोलतो. सूर्यफुलाच्या बिया आणि मिरची घातली की झालं. मुलांना बोलका सवंगडी मिळतो.’ हे वाचून माझ्या नात्यातल्या दोघांनी पक्ष्याची चौकशी सुरू केली, म्हणून लिहायला बसले.

आधी एकटेपणाचं, कारण सगळ्यात वाईट वाक्य तेच आहे. ग्रे हा मध्य आणि पश्चिम आफ्रिकेच्या जंगलात थव्याने राहणारा पक्षी. घरात आणला की आपणच त्याचा थवा, आणि आपल्याशी जोडलेलं राहण्यासाठी तो आपले आवाज उचलतो. ॲलेक्स नावाच्या ग्रेला संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ मध्ये पेट शॉपमधून आणलं. त्याला शंभरावर शब्द यायचे, रंग आणि आकार सांगता यायचे. तो शिकला कसा? त्याच्यासमोर दोन माणसं बोलायची. एक जण वस्तू दाखवून विचारायचा, दुसरा नाव सांगून ती वस्तू मिळवायचा, आणि ॲलेक्स त्या दुसऱ्याशी चढाओढ करायचा. बोलणं आलं ते माणसांच्या सहवासातून. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर एकट्या ठेवलेल्या ग्रेंचे टेलोमिअर, म्हणजे गुणसूत्रांची टोकं, जोडीने राहणाऱ्यांपेक्षा आखूड निघाली. पेशी लवकर म्हातारी होत असल्याची ती खूण.

डोंबिवलीत मैत्रिणीच्या शेजारी असा एक पक्षी आहे. नवरा-बायको दोघंही नोकरीवर, पक्षी दिवसभर एकटा. बाईंनी किल्ल्या उचलल्या की तो त्यांच्याच आवाजात म्हणतो, ‘चल, येते हं मी.’ पाहुणे हसतात. मी जवळ जाऊन पाहिलं, तर छाती उघडी, गुलाबी कातडी दिसत होती. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये करड्या पिसांचा थर. डोकं मात्र छान भरलेलं, कारण तिथे स्वतःची चोच पोचत नाही. पिसं उपटण्यामागे आजारही असू शकतो, म्हणून आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. तपासणीत आजार निघाला नाही.

खाण्याचं. मिरचीला माझी हरकत नाही, पक्ष्यांना ती तिखट लागत नाही. पण नुसत्या सूर्यफुलाच्या बियांत चरबी भरपूर, कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व अगदी कमी. ग्रेला रक्तातलं कॅल्शियम उतरण्याचा त्रास इतर पोपटांपेक्षा जास्त होतो आणि मग झटके येतात. पेलेट म्हणजे पक्ष्यांचं तयार गोळीखाद्य, पालेभाजी, गाजर, शिवाय थेट ऊन हवं. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, कारण ड जीवनसत्त्वासाठी लागणारे किरण काच अडवते. ॲव्होकॅडो आणि चॉकलेट विषारी. रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरू शकतो.

कायद्याबद्दल मेसेज सरळ चुकीचा आहे. २०१६ साली जोहान्सबर्गच्या बैठकीत ग्रे ‘साइटीस’ या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात गेला, म्हणजे जंगलातून पकडलेल्या पक्ष्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद. पकडून पकडून घानासारख्या देशात तो जवळजवळ संपला होता. आपल्याकडे साइटीसच्या यादीतल्या विदेशी प्राण्यांनाही कायद्यात आणणारी वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि २०२४ च्या नियमांनुसार असा पक्षी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. विकणारा कागद देत नसेल तर तिथून उठा.

राहिला मुलांचा सवंगडी. ग्रेच्या पिसांतून सतत पांढरी पूड झडते, दम्याच्या मुलाला ती सोसत नाही. चावला तर रक्त काढतो. आणि नीट सांभाळला तर चाळीस-पन्नास वर्षं जगतो. चौकशी करणाऱ्यांपैकी एक माझा मामेभाऊ, वय ५२. आपल्यामागे पक्षी कोण सांभाळणार, हे त्याने घरात अजून कुणाला विचारलेलं नाही.