दवाखान्याची वीज ‘विकलेली’ नाही

‘नाशिकच्या सरकारी दवाखान्याची वीज खासगी कंपनीला विकली, आता ॲडमिट पेशंटकडून पंख्याचेही पैसे घेणार’ असा मेसेज दोन दिवस फिरतोय. मी वकील आहे, ऊर्जाबचतीचे करार तपासते, म्हणून लिहिते.

अशा करारात वीज विकली जात नाही. कंपनी स्वतःच्या पैशाने पंखे, दिवे बदलते आणि मोजून सिद्ध झालेल्या बचतीतूनच हप्ता घेते. बचत झाली नाही, तर नुकसान कंपनीचं. आधीचा वापर किती धरायचा आणि मोजणी कशी करायची, हे करारात लिहावं लागतं. खरे वाद तिथेच होतात, म्हणून दवाखान्याच्या बाजूने वकील हवाच. जुना पंखा साधारण 75 वॅट खातो, नवा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा 30 च्या आसपास. वॉर्डात वीस तास फिरला तर पंख्यामागे रोज जवळपास एक युनिट वाचतं.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा. रुग्णाकडून वीजबिल घ्या, असं त्यात कुठेही नाही. करार दवाखाना आणि कंपनीत होतो, रुग्ण त्यात पक्षकारच नसतो.

ह्या मेसेजला घाबरून कुणी आजारी माणसाला घरीच ठेवलं तर? कृपया तो पुढे पाठवू नका. पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.