आप्पांचा व्हर्नियर

आमची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली. नाशिकमधलं गंगापूर रोडचं घर महिनाअखेर रिकामं करून इंदिरानगरला भाड्याच्या वन बीएचकेत जायचंय. बिल्डर तीन वर्षं म्हणतोय. गेले दोन महिने मी सामान विकतेय, वाटतेय, टाकतेय. सुरुवातीलाच आमच्या हातून एक चूक झाली. पुनर्विकासाचे बोर्ड आता जागोजागी लागलेत, तुमच्यातही कुणाचं घर निघणार असेल, म्हणून लिहितेय.

माझे सासरे, आप्पा, ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात फिटर होते. १९६४ साली मिग विमानांसाठी ती फॅक्टरी आली, आप्पा १९६८ ला लागले. त्यांची हिरवी पत्र्याची पेटी गॅलरीत असायची, कपडे वाळत घालायच्या स्टँडखाली. पहिल्याच रविवारी आम्ही दोघं नवरा-बायको गॅलरीवर तुटून पडलो. भंगारवाले दादा खालीच उभे होते. कूलरच्या सांगाड्याबरोबर पेटीही काट्यावर गेली, न उघडता, लोखंडाच्या भावात. आप्पा तेव्हा आत झोपले होते.

संध्याकाळी चहा घेताना ते म्हणाले, "माझी पेटी आत घेतलीस का गं? आभाळ आलंय."

त्या पेटीत कानशी होत्या, पंच होते आणि एक व्हर्नियर होता, म्हणजे एकमेकींवर सरकणाऱ्या दोन पट्ट्यांचं, अगदी बारीक माप घ्यायचं हत्यार. नोकरी लागल्यावर पहिल्या बोनसमधून घेतलेला. त्याच्या लाकडी डबीला आतून सासूबाईंनी खणाचं अस्तर लावलं होतं, हिरव्या खणाचं, लाल काठाचं. सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी भंगाराच्या दुकानात गेलो, तर आदल्या रात्रीच गाडी भरून गेली होती. रिकामी पेटी मिळाली आणि कापडात गुंडाळलेल्या कानशी तेवढ्या मिळाल्या. आप्पा रागावले नाहीत. म्हणाले, "शून्याला शून्य जुळायचं अजून त्याचं." बस, एवढंच. मला दोन रात्री झोप आली नाही.

"वर्षभर हात लावला नाही ना, मग काढून टाका," हे सगळीकडे ऐकायला मिळतं. मला ते साफ नामंजूर आहे. एकट्या माणसाच्या घरात ठीक असेल. आपल्या माळ्यावर चार माणसांचं आयुष्य एकावर एक रचलेलं असतं आणि आवरणारं माणूस एकच असतं. तो व्हर्नियर आप्पांनी वीस वर्षांत वापरला नव्हता, म्हणून तो नकोसा होता असं नाही. ज्याची वस्तू त्याने ती एकदा हातात घेऊन ठरवायचं. घाईत असलेल्या मुलाने नाही आणि सुनेनेही नाही.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. रोज सकाळी दहा ते बारा, माळ्यावरचं एक बोचकं खाली काढून आप्पांच्या खाटेवर. मला वाटलं होतं, ते काहीच सोडणार नाहीत. झालं उलटंच! तांब्याचा बंब मी हॉलमध्ये शोभेला ठेवणार होते. आप्पा म्हणाले, "मोडीत घाल, बूड गेलंय त्याचं." दिवाळी अंकांचे गठ्ठे त्यांनी एका सकाळीत निकालात काढले. आणि ठेवलं काय, तर सासूबाईंचा पितळी सोऱ्या आणि एक चेपलेला डबा, ज्यातून त्यांनी फॅक्टरीत पोळी-भाजी नेली. आम्ही दिसायला छान ते राखत होतो, ते वापरलेलं राखत होते.

बंब, हंडा आणि दोन पराती घेऊन मी भांडी बाजारात गेले. घरून वजन करून निघाले होते, तुम्हीही तेच करा. तांबं-पितळ वेगळं लावायला सांगा, तांब्याला भाव जास्त. कड्या आणि आतली जाळी लोखंडाची असते, ती समोर काढून घ्या, नाहीतर घट म्हणून अंदाजाने जास्त कापतात. हंड्यावर सासूबाईंचं नाव घातलेलं होतं, लग्नाच्या तारखेसकट. तो मात्र काट्यावर ठेवायच्या आधीच परत पिशवीत घातला. आप्पांनी तोही दे म्हटलं होतं, मला जमलं नाही.

साड्या बोहारणीला दिल्या. ती पायरीवर बसून एकेक साडी उजेडात धरून बघते, जरीकाठ कुठे विरलाय ते बोटाने सांगते. तीन पातेल्यांवर सौदा झाला. जुना डबा टीव्ही मात्र भंगारात देऊ नका. त्याच्या काचेत शिसं असतं, तांब्यासाठी तो कुठेतरी फोडला जातो. ई-कचरा रीतसर घेणाऱ्यांकडेच द्या. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो.

आणि एक. फ्रिजची जाहिरात ऑनलाइन टाकली, तर पाच मिनिटांत एकाचा फोन. न बघता पूर्ण पैसे द्यायला तयार! "कोड पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील." पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की आपलेच जातात. मुलीने वेळेवर फोन हातातून घेतला. कुणाचे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा.

त्या उरलेल्या कानशी आप्पांनी परवा आमच्या वॉचमनच्या मुलाला दिल्या. तो सातपूरच्या आयटीआयला फिटर ट्रेडला आहे. दिल्या म्हणजे नुसत्या नाहीत, खाटेच्या कडेला लोखंडी पट्टी बांधून तासभर त्याच्याकडून घासून घेतली. "दाब जाताना द्यायचा, येताना उचलायची." पोरगा घामाघूम.

सागवानी दिवाण अजून आहे, सहा बाय तीन, खाली खण असलेला. कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पण बघायला दहा ते बारामध्येच या. आप्पांना कुणाकडे जातोय ते बघायचंय.