नेमणुकीच्या दारापलीकडे

पुण्याहून मावसभावाचा फोन आला की हल्ली एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्याकडे बरं झालं, ती सगळी थेरं बंद केली. आता फक्त मेरिट." जानेवारी 2025 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी सत्तेवर येताच सरकारी खात्यांतले विविधता आणि समावेशनाचे, म्हणजे डावलल्या गेलेल्या गटांना नोकरीत सामावून घेण्याचे, कार्यक्रम गुंडाळले. सरकारी कंत्राटदारांना भेदभाव टाळण्यासाठी ठोस पावलं उचलायला लावणारा 1965 चा आदेशही रद्द केला. दादा बोलतो ते त्याबद्दल. असं बोलणारे मराठी लोक इथे अमेरिकेत, मेरिलंड राज्यातही गणपतीच्या आरतीनंतर हमखास भेटतात. मला या बोलण्याचा राग येतो, कारण मी जिथे राहते तिथे या निर्णयांची किंमत कोण मोजतंय ते रोज दिसतं.

वॉशिंग्टनला खेटून असलेली ही प्रिन्स जॉर्जेस काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखी. इथे बहुसंख्य कृष्णवर्णीय आहेत, आणि देशातल्या सधन कृष्णवर्णीय वस्त्यांत या काउंटीचं नाव घेतलं जातं. ही सुबत्ता मोठ्या प्रमाणात सरकारी नोकरीतून आली, आणि त्यातही बायकांच्या. अमेरिकेच्या एकूण कामगारांत कृष्णवर्णीय स्त्रिया सुमारे 7 टक्के. केंद्र सरकारच्या नोकरवर्गात मात्र सुमारे 12 टक्के. एवढ्या जणी तिकडेच का वळल्या? दादाला वाटतं, सरकारने खिरापत वाटली. पण आपल्यासारख्या राखीव जागा तिथे कधी नव्हत्याच. होते ते नियम, आणि तेही छापील. वेतनाच्या 15 श्रेणी, प्रत्येकीत 10 टप्पे, आणि कुठल्या टप्प्याला किती पगार याचा तक्ता कुणीही उघडून पाहावा. जागा निघाली की जाहिरात निघते आणि तिच्यात श्रेणी लिहिलेली असते.

माझी शेजारीण शिक्षण खात्यात होती. शाळांना जाणाऱ्या अनुदानाचे हिशेब तपासायची. मार्च 2025 मध्ये त्या खात्याने जवळपास निम्मी माणसं कमी करायचं जाहीर केलं, त्यात ती गेली. नंतर एकदा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिची फाइल उघडून मला दाखवली. सरकारी नोकराची नेमणूक, बढती, पगारवाढ, काहीही झालं की एक कागद मिळतो, एसएफ-50 म्हणतात त्याला. डावीकडे जुनं पद, जुनी श्रेणी, जुना पगार, उजवीकडे नवं. पाचव्या श्रेणीतली कारकून म्हणून लागली होती, चौदाव्यापर्यंत पोचली. एकेक कागद पुढे सरकवत ती म्हणाली, "माझ्याबद्दल साहेबाला काय वाटतं यावर माझा पगार ठरत नव्हता."

कामाच्या जागी कदर होते म्हणजे काय, याचं मला याहून चांगलं उत्तर मिळालेलं नाही. आपण कदर म्हटलं की शाबासकी, पुरस्कार, आठ मार्चचा गुलाब यांच्याकडे पाहतो. तिला आपलं काम आवडत होतं, कारण केलेल्या कामाची नोंद होत होती आणि ती नोंद कुणाला खोडता येत नव्हती. एकूण नोकऱ्यांच्या बाजाराकडे पाहिलं की फरक कळतो. सगळं धरून, पूर्णवेळ काम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीला गोऱ्या पुरुषाच्या एका डॉलरमागे सत्तर सेंटही पडत नाहीत. कुरळे केस तसेच ठेवून किंवा वेण्या घालून कामावर आली म्हणून नोकरीवर गदा येऊ नये, एवढ्यासाठी कायदा करावा लागला. कॅलिफोर्नियाने तो 2019 मध्ये पहिल्यांदा केला, मेरिलंडने 2020 मध्ये.

मेरिटवाल्यांना नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ज्ञ स्त्रियांची गोष्ट फार आवडते, निव्वळ बुद्धीच्या जोरावर त्या पुढे गेल्या म्हणून. ती गोष्ट नीट सांगायला हवी. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या काळात, 1913 पासून, सरकारी कचेऱ्यांत गोऱ्या-काळ्यांच्या जागा वेगळ्या केल्या गेल्या आणि 1914 मध्ये अर्जासोबत फोटो मागायला सुरुवात झाली. 1941 मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी आदेश काढून संरक्षण उद्योगांतल्या भेदभावाला बंदी घातली, आणि त्यानंतर 1943 मध्ये यांतल्याच एक, डोरोथी वॉन, व्हर्जिनियातल्या लँगलीच्या, पुढे नासाचा भाग झालेल्या प्रयोगशाळेत लागल्या. त्याआधी वॉन एका शाळेत गणित शिकवत होत्या. बुद्धी 1940 मध्येही तीच होती, दार उघडलं ते आदेशाने. मेरी जॅक्सन 1958 मध्ये नासाच्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला इंजिनिअर झाल्या. पुढे बढती मिळेना, तेव्हा 1979 मध्ये त्यांनी खालचं पद पत्करलं आणि लँगलीतल्या स्त्रियांच्या नेमणुका-बढत्यांचं काम हातात घेतलं. नासाच्या मुख्यालयाला 2020 मध्ये त्यांचं नाव दिलं गेलं. ज्या प्रकारच्या कामासाठी त्यांनी इंजिनिअरची खुर्ची सोडली, तसलं कामच आता मोडीत काढलं जातंय, आणि माझे देशबांधव टाळ्या वाजवतात.

इथे मला एका गोष्टीचं श्रेय महाराष्ट्राला द्यायचंय, पण आधी अमेरिकेतला एक खटला. सेंट लुईसमधल्या पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर खटला भरला होता. कंपनीने 1964 पूर्वी एकही कृष्णवर्णीय स्त्री घेतली नव्हती, आणि मंदीत सेवाज्येष्ठतेने कपात झाली तेव्हा नंतर लागलेल्या या बायका सरसकट गेल्या. 1976 मध्ये न्यायालय म्हणालं, वंशाची तक्रार करा किंवा स्त्री म्हणून करा, दोन्ही एकत्र चालणार नाही. कंपनीने गोऱ्या बायका कचेरीत घेतल्या होत्या आणि काळे पुरुष कारखान्यात, म्हणजे दोन्ही हिशेबांत कंपनी निर्दोष! कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये याच खटल्यावरून दाखवून दिलं की अशी स्त्री कायद्याच्या दोन चौकटींच्या मधोमध गळून पडते. महाराष्ट्रात मात्र राज्यसेवेची जाहिरात उघडा. अनुसूचित जाती, त्याखाली सर्वसाधारण इतक्या, महिला इतक्या. समांतर आरक्षणाने दलित स्त्रीला स्वतःचा रकाना दिला. अमेरिकेला हे जमलेलं नाही.

पण त्या रकान्यातून ती आत गेली की पुढे काय? यावर आपल्याकडे बोलणं जवळजवळ थांबतं. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा राज्याचा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने 2017 मध्ये रद्द केला, त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही. आणि खाजगी कंपन्यांत तर रकानाही नाही. हिंजवडीत माझी भाची काम करते. तिच्याच टेबलाशी बसणाऱ्याला किती पगार आहे हे तिला ठाऊक नाही, विचारायची सोय नाही, बढती कुठल्या निकषावर मिळते ते लिहिलेलं नाही. "मॅनेजरशी जमवून घ्यावं लागतं, मावशी," असं ती म्हणते. ती ब्राह्मण घरातली आहे, आडनावावरून तिला कुणी अडवत नाही. तिच्याच टीममध्ये उद्या एखादी कांबळे आली, तर तिनेही जमवून घ्यायचं. कशाच्या जोरावर?

दादाशी मी आरक्षणावर वाद घालते आणि घालत राहीन. पण त्या वादात शिरायचीही गरज नसलेली एक गोष्ट मेरिलंडने केली आहे. ऑक्टोबर 2024 पासून इथे नोकरीच्या जाहिरातीत पगार किमान किती, कमाल किती हे छापणं खाजगी मालकालाही बंधनकारक आहे. शेजारीण सध्या अर्ज करतेय, आणि मुलाखतीला जाण्याआधी तिला आकडा माहीत असतो. आपल्याकडच्या कुठल्याही पक्षाने हे उद्या विधानसभेत मांडावं. कुणाची जागा जात नाही, कुणाचा टक्का कमी होत नाही. दादाला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कंपन्या ऐकतील होय?" इथल्या कंपन्याही आपणहून ऐकल्या नव्हत्या, त्यांना कायद्याने ऐकावं लागलं.