वैदर्भी खेळपट काढायची रीत

विदर्भाच्या खेड्यावर खेळाचा सिनेमा काढायचा घाट घातलाय? छान. मग पहिलं पथ्य: विदर्भात येऊ नका.

इथली माती काळी. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात ती पायाला ढेकळासारखी धरते. म्हणून गावातले पोट्टे १३ बाय १० मीटरचं कबड्डीचं मैदान आखण्याआधी मुरूम पसरतात, पाणी मारून रोलर फिरवतात, मग फक्कीच्या रेघा ओढतात. पाणी कमी पडलं की मुरमाने गुडघे सोलून निघतात. जास्त झालं की खालची काळी वर येते. एवढा उपद्व्याप तुम्ही कशाला करता? कोल्हापूरकडे लाल माती तयार आहे. पडद्यावर ‘जिल्हा यवतमाळ’ एवढं लिहिलं की भागलं.

नायक व्यायामशाळेत घडवलेला, ऐंशी किलोचा घ्या. इकडचे सामने वजनी गटाचे असतात आणि साठ किलोच्या गटासाठी पोरं रात्रीचं जेवण सोडून काट्यावर उभी राहतात, हे लक्षात घेऊ नका. तुमचा नायक काट्यावरूनच घरी गेला असता. अंतिम सामना मे महिन्यातल्या भर दुपारी ठेवा. खऱ्या स्पर्धा थंडीत, रात्री, हॅलोजनखाली होतात; पण तेव्हा कपाशीची वेचणी असते आणि अर्धा चमू दिवसभर वाकून आलेला असतो. पाठ धरलेला नायक कोण बघणार?

कर्जबाजारी बाप मध्यंतरापूर्वी मारा. विदर्भात बाप गेल्याशिवाय पोराला धावता येत नाही, असा पडद्याचा नियम आहे. वेगवान गोलंदाज उमेश यादवचे वडील कोळसा खाणीत कामाला होते; कथेत घेतलंत तर त्यांच्या हाती कापूस द्या.

शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, हवाच असेल तर घ्या. २०१४ साली बंदी आली, २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना कायदेशीर मान्यता दिली, हे सगळं गाळा. जोडी काही सेकंदांत पल्ला गाठते. तुम्ही गाण्यासकट चार मिनिटं पळवा.

भाषेसाठी प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘बे’ चिकटवा. नातवाने आजीलाही म्हणावं. आजी काय हाणेल ते कापता येतं. ‘झुंड’ सिनेमाने नागपूरची गोष्ट नागपुरातच, तिथलीच पोरं घेऊन चित्रित केली. असला आगाऊपणा नको.

प्रेक्षक रुसेल ही भीती सोडा, त्याला सवय आहे. प्रो कबड्डीत महाराष्ट्राचे दोन संघ, मुंबई आणि पुणे. आयपीएलमध्ये नागपूर नाही, म्हणून पोट्टा चेन्नईच्या पिवळ्या जर्सीत फवारणीला जातो. विदर्भाने रणजी करंडक २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा जिंकला. आठवडी बाजारात विदर्भाची जर्सी मागून पाहा. दुकानदार आधी विचारेल, “कोन्त्या गावचा चमू हाय, भाऊ?”